घडीचा चाकू कसा उघडावा : नखाच्या खाचेपासून फ्लिपरपर्यंत

घडीचा चाकू हातात आला की आधी एवढेच पाहावे, की त्याचे पाते मुठीच्या खोबणीत कशाच्या जोरावर बसून राहिले आहे. काही चाकूंत मुठीच्या पाठीला बसवलेली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, पात्याच्या बुडाला दाबून धरते. काहींत पात्यावरच्या बारीक खळग्यात एक इवलीशी पोलादी गोळी अडकलेली असते. काहींत यातले काहीच नसते आणि पिनेभोवतीचे घर्षण तेवढे पात्याला धरून ठेवते. उघडण्याच्या बहुतेक पद्धती या तीन प्रकारांना अनुसरून ठरलेल्या आहेत. म्हणूनच एका चाकूवर सहज जमणारी पद्धत दुसऱ्यावर वापरली, तर एक तर पाते हलत नाही किंवा अंदाजापेक्षा जास्त वेगाने बाहेर येते. बोटे कापली जाण्याची पाळी बहुधा या दुसऱ्या प्रकारातच येते.

पुढच्या वर्णनात ज्या पिनेभोवती पाते फिरते तिला ‘आस’, पात्याच्या आसेकडच्या टोकाला ‘बूड’ आणि पात्याच्या बोथट कडेला ‘पाठ’ म्हटले आहे; मुठीची पाठ म्हणजे खोबणीच्या विरुद्ध बाजूची कड. चाकू मिटलेला असताना धार खोबणीच्या आत असते आणि पाठ बाहेर दिसते, त्यामुळे मिटलेल्या चाकूला बाहेरून कुठेही हात लावता येतो. धोका असतो तो पाते अर्धवट उघडलेले असताना, कारण तेव्हा धार बाहेर आलेली असते आणि ती अजून पक्की बसलेली नसते.

हात लावण्यापूर्वी

हात कोरडे असावेत, तेलकट किंवा फळाच्या रसाने चिकट झालेले नसावेत. चाकू शरीरासमोर, छातीपासून थोडा दूर धरावा. बसलेले असताना तो मांडीवर टेकवून उघडू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. आसेभोवती पाते अर्धवर्तुळात फिरते. त्या अर्धवर्तुळात आपले बोट, दुसऱ्याचा हात किंवा टेबलाची कड येत नाही ना, हे डोळ्यांनी एकदा पाहून घ्यावे. नवा चाकू शिकताना धारेवर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावावेत आणि सराव गादीवर किंवा सतरंजीवर बसून करावा. चाकू हातातून निसटला तर तो झेलायला जाऊ नये, खाली पडू द्यावा. हे वाचताना उघड वाटते, पण हात आपोआप पुढे जातो, म्हणून हा नियम मनाशी आधीच पक्का केलेला बरा.

नखाची खाच : दोन हातांनी उघडण्याची मूळ पद्धत

पात्याच्या पाठीजवळ चंद्रकोरीसारखी किंवा लांबट अशी एक खाच कोरलेली असते. स्वित्झर्लंडमधील इबाख येथे कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली कार्यशाळा सुरू केली, १८९१ साली स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवले आणि १८९७ साली ‘ऑफिसर्स नाइफ’ची नोंदणी केली. आज व्हिक्टोरिनॉक्स या नावाने ओळखला जाणारा तो लाल चाकू आपल्याकडे घरोघरी दिसतो, तेव्हा पद्धत त्याच्यावरच समजून घेऊ.

उजव्या हाताने काम करणाऱ्याने मिटलेला चाकू डाव्या हातात आडवा धरावा आणि बोटे मुठीच्या दोन्ही अंगांना ठेवावीत. चारही बोटे मुठीभोवती गुंडाळून धरण्याची सवय असेल तर ती इथे सोडावी लागते, कारण त्या पकडीत बोटांची टोके खोबणीच्या तोंडावर येतात आणि स्प्रिंगने पाते परत ओढले तर ते नेमके त्यांच्यावरच येते. आता उजव्या अंगठ्याचे नख खाचेत बसवावे आणि त्याच वेळी तर्जनीचे पेर पात्याच्या दुसऱ्या अंगाला टेकवावे. बहुतेक जण सगळा जोर नखावर देतात, म्हणून नख दुमडते. नखाने पाते फक्त सुटवायचे असते. ते थोडे वर आले की पुढची ओढ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीने घ्यायची.

सुरुवातीला स्प्रिंगचा विरोध सर्वांत जास्त जाणवतो, कारण ती पट्टी पात्याला मिटण्याच्या दिशेने ढकलत असते. पाते अर्ध्यावर आले की विरोध कमी होतो. काही पारंपरिक चाकूंत तर पाते काटकोनात येऊन क्षणभर थांबावे अशी रचना मुद्दाम केलेली असते. या टप्प्यावर चिमूट पुन्हा नीट घ्यावी, डाव्या हाताची बोटे खोबणीपासून दूर आहेत याची खात्री करावी आणि मग पाते शेवटपर्यंत न्यावे. स्प्रिंग आता उलट बाजूने पात्याला उघडण्याकडे ओढते आणि ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. आवाज मंद आला किंवा आलाच नाही, तर मुठीच्या पाठीवरून बोट फिरवून पाहावे. स्प्रिंगची पट्टी मुठीशी सपाट लागली असेल तर पाते पूर्ण उघडले आहे. ती उंचावलेली लागली तर आसेजवळ कचरा अडकलेला आहे आणि त्या अवस्थेत चाकू वापरू नये.

अनेक अवजारांच्या चाकूत एका वेळी एकच अवजार उघडावे. एकाच स्प्रिंगवर दोन अवजारे बसवलेली असतात, त्यामुळे एक अर्धवट ठेवून दुसरे उघडायला गेल्यास पट्टी मधेच उचललेली राहते आणि दोन्ही सैल होतात.

नखे आखूड असणाऱ्यांनी खाचेच्या नादी न लागता, पात्याचा जो भाग मुठीबाहेर डोकावतो तो दोन्ही अंगांनी चिमटीत धरून वर ओढावा. डावखुऱ्यांनाही हाच उपाय, कारण खाच बहुधा पात्याच्या एकाच अंगाला असते आणि ती उजव्या हाताच्या सोयीची असते. पाते खोबणीतून सुटवण्यासाठी नाणे किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नये. ते सटकले की पात्यावर ओरखडा आणि हाताला जखम, दोन्ही पदरात पडतात.

कडीचा चाकू आणि पावसाळा

फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० साली बनवलेला लाकडी मुठीचा चाकू आजही जवळजवळ त्याच रूपात मिळतो. १९५५ साली त्याला मुठीच्या तोंडाशी फिरणारी एक पोलादी कडी जोडली गेली, तिला ‘व्हिरोब्लॉक’ म्हणतात. सर्वांत लहान आकारांना ती नसते, ८.५ सेंटिमीटर पात्याच्या, सर्वाधिक परिचित अशा आठ क्रमांकाच्या चाकूला असते. या चाकूत पाते मिटून धरणारी स्प्रिंग नाही, लाकडाची खोबण आणि आसेभोवतीचे घर्षण यांवरच सगळे चालते.

उघडताना प्रथम कडी फिरवून तिची फट पात्याच्या खोबणीसमोर आणावी. नव्या चाकूंत ही कडी मिटलेले पातेही अडकवून ठेवते, त्यामुळे ती न फिरवताच नखाने ओढत बसणाऱ्याला चाकू बिघडला आहे असे वाटते. फट समोर आली की खाचेत नख घालून, वर सांगितलेल्या चिमटीने पाते पूर्ण बाहेर काढावे आणि मग कडी अशी फिरवावी की तिचा भरीव भाग पात्याच्या बुडाखाली यावा. कडी हाताने घट्ट होईल एवढीच फिरवावी. पक्कडीने आवळल्यास ती पुढच्या वेळी हाताने सुटत नाही.

खरी अडचण येते ती दमट हवेत. बीच लाकडाची मूठ ओलावा शोषून फुगते आणि पात्याला दोन्ही अंगांनी दाबून धरते. कोकणात किंवा मुंबईत जूनच्या अखेरीस पाते हलतच नाही अशी तक्रार या चाकूबद्दल हमखास ऐकू येते. यावर साव्हुआतल्या लोकांची एक जुनी युक्ती आहे. कडी उघडी ठेवून, खोबणीपासून बोटे दूर राहतील अशा रीतीने मूठ धरावी आणि मुठीचे मागचे टोक लाकडी ओट्यावर किंवा दगडावर नेमके आणि हलके ठोकावे. त्या हिसक्याने पात्याचे टोक खोबणीतून किंचित बाहेर येते आणि चिमटीत धरता येते. जोरात आपटण्याची गरज नसते. तरीही पाते न सुटल्यास चाकू सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवावा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवल्यास मूठ तडकते. दर पावसाळ्यात हाच त्रास होत असेल तर बारीक पॉलिश पेपर दुमडून खोबणीच्या आतल्या भिंती अगदी हलक्या घासाव्यात आणि त्यावर जवसाच्या तेलाचा हात द्यावा. मात्र हे काम कोरड्या दिवसांत करावे, कारण फुगलेले लाकूड घासले तर ते वाळल्यावर पाते डुगडुगते.

शेपटीचा चाकू

जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ हा चाकू पितळी किंवा लोखंडी पत्र्याच्या मुठीचा असतो आणि त्याच्या पात्याच्या बुडाला एक छोटी शेपटी असते, ती मिटलेल्या अवस्थेत मुठीबाहेर राहते. न्हाव्याच्या वस्तऱ्यालाही अशीच शेपटी असते. उघडताना मूठ बोटांच्या पेरांनी दोन्ही अंगांना धरावी, शेपटीवर अंगठा ठेवावा आणि ती मुठीच्या पाठीकडे गोल फिरवत दाबत न्यावी, की पाते विरुद्ध बाजूने उघडत जाते. पाते सरळ झाल्यावर शेपटी मुठीच्या पाठीवर येऊन बसते.

या चाकूला लॉक नाही. कापताना शेपटीवर दाबून धरलेला अंगठा हाच त्याचा लॉक, म्हणून अंगठा तिथून काढून टोकाने भोसकण्याचे काम या चाकूने कधीही करू नये. पेन्सिलीला टोक करणे, दोरा कापणे, फळ सोलणे यासाठी मात्र हा फार सुखाचा चाकू आहे.

एका हाताने : खुंटी आणि भोक

एका हातात दोरी किंवा फांदी धरलेली असताना चाकू दुसऱ्या हाताने उघडता यावा, ही गरज मच्छीमार, गिर्यारोहक आणि सुतार यांची आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या गोल्डन गावी साल ग्लेसर यांच्या स्पायडर्को कंपनीने १९८१ साली पात्यात गोल भोक असलेला चाकू बाजारात आणला. त्या भोकाच्या कडेवर अंगठा धरून पाते फिरवता येते. इतर कंपन्या त्याऐवजी पात्याला एक छोटी खुंटी बसवतात, तिला थंब स्टड म्हणतात. हाताची हालचाल दोन्हीत सारखीच असते, फक्त हातमोजे घातलेले असताना भोक जास्त उपयोगी पडते.

अशा चाकूंत बहुधा गोळी आणि खळगा ही योजना असते: मुठीच्या आतली, एका बाजूला झुकू पाहणारी पट्टी पात्यावर रेलून असते आणि तिच्यावरची गोळी पात्याच्या खळग्यात बसते. हीच पट्टी पाते उघडल्यावर त्याच्या बुडामागे सरकून त्याला अडवते. ती मुठीच्या आत वेगळी असेल तर लायनर लॉक आणि मुठीचाच एक भाग कापून केलेली असेल तर फ्रेम लॉक म्हणतात.

मूठ तळहातात अशी घ्यावी की आस वरच्या बाजूला, अंगठ्याजवळ येईल आणि चारही बोटांची पेरे मुठीच्या मागच्या अंगावर सपाट टेकतील. बोटे खोबणीवरून पलीकडे वळू देऊ नयेत. अंगठ्याचे पेर खुंटीवर किंवा भोकाच्या कडेवर ठेवावे. पहिला दाब मुठीपासून दूर, बाहेरच्या दिशेने द्यावा, म्हणजे गोळी खळग्यातून सुटते. त्यानंतर अंगठा सरळ न ढकलता आसेभोवती कमानीत फिरवत न्यावा. नवशिका माणूस अंगठा आसेच्या दिशेने, मुठीला समांतर रेटतो, म्हणून पाते जागचे हलत नाही आणि अंगठा मात्र घसरून धारेकडे जातो. शेवटच्या भागात अंगठा पुरत नसेल तर मूठ बोटांत किंचित पुढे सरकवावी. पाते टप्प्यावर आले की ‘खट्’ आवाज येतो आणि लॉकची पट्टी बुडामागे बसते.

फ्रेम लॉकच्या चाकूत एक गोष्ट हमखास नडते. मागच्या अंगावर टेकलेली बोटे नकळत लॉकच्या पट्टीवरच दाब देतात, गोळी खळग्यात आणखी घट्ट बसते आणि पाते किती रेटले तरी सुटत नाही. चाकू घट्ट आहे असे समजून लोक आसेचा स्क्रू सैल करतात, हे चुकीचे आहे. बोटांचा दाब खिशाच्या क्लिपवर किंवा मुठीच्या कडेवर घेतला की तोच चाकू अलगद उघडतो.

हळू उघडणे हीच खरी कसोटी मानावी. अंगठा खुंटीपासून कुठेही न सुटता पाते संथपणे पूर्ण फिरवता आले, की पद्धत आली. अंगठ्याने टिचकी मारून पाते फेकणे त्यानंतर आपोआप जमते, आणि नाही जमले तरी काही अडत नाही.

फ्लिपर

मिटलेल्या चाकूत मुठीच्या पाठीकडे, आसेजवळ, पात्याच्या बुडाचा एक लहान कान बाहेर डोकावत असेल तर तो फ्लिपर होय. चाकू उघडल्यावर हाच कान तर्जनीपुढे येऊन तिला धारेवर घसरण्यापासून अडवतो, त्यामुळे एका हाताच्या पद्धतींत ही मला सर्वांत सुरक्षित वाटते. अंगठा मुठीच्या अंगावर ठेवावा, पात्याला त्याचा स्पर्श नको. तर्जनीचे पेर कानावर ठेवून दाब वाढवत जावा. गोळीचा विरोध एका क्षणी तुटतो आणि साठलेल्या जोराने पाते एकदम फिरते. येथे हळू उघडणे जमत नाही. अर्धवट दाब दिला तर पाते मध्येच लटकते. कानाची रचना पाहून तर्जनी विजेचे बटण खाली ओढावे तशी मागे ओढावी किंवा सरळ आत दाबावी. दोन्ही करून पाहिल्यावर कोणती दिशा बरोबर ते लगेच समजते. मनगटाचा झटका द्यावा लागत असेल तर गोळीची पकड कमी आहे किंवा आस कोरडी पडली आहे.

बाकीच्या पद्धती

स्प्रिंगच्या मदतीने उघडणाऱ्या चाकूत पाते हाताने थोडे ढकलले की आतली ताणलेली तार पुढचे काम करते. कर्शॉ कंपनीच्या चाकूंतली, केन ऑनियन यांची ‘स्पीडसेफ’ ही रचना या प्रकारात प्रसिद्ध आहे. पहिला दाब देण्यापूर्वीच बोटे जागेवर हवीत, कारण एकदा सुटलेले पाते थांबवता येत नाही. अर्नेस्ट इमर्सन यांच्या चाकूंत पात्याच्या पाठीवरची आकडी खिशाच्या कडेत अडकून चाकू बाहेर निघता निघताच उघडतो. पोलीस आणि सैनिक यांना त्याचा उपयोग असेल, पण नागरी माणसाच्या विजारीचा खिसा त्याने उसवतो. दोन मुठींमध्ये पाते लपणारा, फिलिपाइन्सच्या बतांगास प्रांताशी जोडलेला बालिसाँग हा स्वतंत्र कसरतीचा विषय आहे, आणि तो बोथट पात्यावर शिकावा. मनगटाच्या झटक्याने कोणताही चाकू उघडण्याचा नाद मात्र सोडावा. प्रत्येक झटका पाते जिथे अडून थांबते त्या पिनेवर आदळतो आणि पाते हळूहळू आसेवर खिळखिळे होते.

कायदा उघडण्याची पद्धत पाहतो

खटका दाबताच उघडणारा चाकू आणि नखाने उघडणारा चाकू यांत कापण्याच्या दृष्टीने फरक नाही, कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. भारतात शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेली धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या, गरारीच्या (दातेरी चक्राच्या) आणि तत्सम यांत्रिक चाकूंसाठी ही मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी इतकी खाली आणली. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदी व शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात आणि त्या काळात सुरे बाळगण्यास मनाई असते, हे सहलीला निघताना लक्षात ठेवावे. विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही.

परदेशी राहणाऱ्यांनी अधिक सावध असावे. ब्रिटनमध्ये लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो. लॉक असला की सबळ कारण लागते. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू रास्त कारणाशिवाय सोबत बाळगण्यास बंदी आहे. तेव्हा तिकडे जाणाऱ्याने नखाच्या खाचेचा साधा चाकू घ्यावा.

मिटवताना

उघडताना होत नाहीत इतक्या जखमा मिटवताना होतात. स्प्रिंगच्या चाकूत मूठ अंगांनी धरून दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवावा आणि सावकाश दाबावे. शेवटच्या भागात स्प्रिंग पाते आत ओढून घेते, तोवर बोटे खोबणीवर नकोत. लायनर लॉकमध्ये अंगठा पट्टी बाजूला सारताना पात्याच्या वाटेतच असतो. म्हणून पट्टी सारून, तर्जनीने पाते थोडेसेच मिटवावे, अंगठा बाहेर काढावा आणि मगच पुढे जावे. बॅकलॉकमध्ये, उदाहरणार्थ बक कंपनीच्या १९६४ पासून मिळणाऱ्या ११० क्रमांकाच्या चाकूत, मुठीच्या पाठीवरचा दांडा दाबला की पाते सुटते. एका हाताने दांडा दाबावा आणि दुसऱ्याने पात्याची पाठ धरून ते खाली आणावे. कडीच्या चाकूत आधी कडी फिरवावी. ती न फिरवता पाते जोराने दाबल्यास कडी वाकते.

पाते जड किंवा खरखरीत फिरू लागले तर

खिशातला कापसाचा भुगा, आंब्याचा चीक आणि संत्र्याचा रस ही आसेजवळच्या घाणीची नेहमीची कारणे. धातू किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पाते पाण्यातच काही वेळा उघडमीट करावी, खोबण जुन्या टूथब्रशने घासावी, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि आसेवर तेलाचा एकच थेंब सोडावा. लाकडी मुठीचा चाकू मात्र पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा. शिलाई मशीनचे तेल चालते. चाकूने फळे-भाजी कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन घ्यावे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावल्यास काही आठवड्यांत त्याचा चिकटा होतो आणि पाते पूर्वीपेक्षा जड फिरते.

तेल देऊनही पाते घट्टच असेल आणि आसेला स्क्रू असेल, तर योग्य मापाच्या टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारख्या तोंडाच्या) पान्याने तो वर्तुळाच्या आठव्या भागाइतकाच सैल करावा आणि चाकू उघडून पाते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. हलत असेल तर स्क्रू जास्त सुटला आहे. त्याच्या निम्म्याने परत आवळून पुन्हा तपासावे. पाते मोकळे फिरते पण डुगडुगत नाही, अशी जागा सापडली की स्क्रू तिथेच राहू द्यावा.